डाव्या कोपऱ्यातला माणूस

यमुनाचा आवाज मला कधी स्थिर असा ऐकू आलाच नाही. तो येई तो फोनवरच्या ध्वनिसंदेशांतून, आणि त्याच्या पाठीमागे सतत काहीतरी खडखडत असे: एस.टी.च्या खिडकीची सैल झालेली काच, चढावर धापा टाकणारं इंजिन, दाराचा पत्रा, कुणाचं तरी कोरडं खोकणं. त्या कल्लोळातून तिचे शब्द वाट काढत पुढे येत, अर्ध्यावर थबकत, मध्येच "करंजाळी, चला करंजाळीवाले" अशी खणखणीत हाक निघून जाई, आणि मग सुटलेलं वाक्य ती नेमकं होतं तिथून उचलत असे. नाशिक-पेठ गाडीवर ती कंडक्टर आहे. सावळघाटातल्या वळणांवर एका हातात तिकिटाचं यंत्र आणि दुसऱ्या हातात वरचा दांडा धरून जी बाई दिवसातून चार वेळा उभ्याउभ्या डोंगर चढते आणि उतरते, तिच्या बोलण्यात स्वस्थता कुठून येणार?

प्रत्यक्ष भेटण्यापूर्वी जवळजवळ दोन वर्षं मी तिला असा ऐकत होतो आणि पाहत होतो. पाहत होतो म्हणजे तिला नव्हे, तिने पाहिलेलं. हिवाळ्यातली सकाळ, खिडकीतून आत घुसलेला उन्हाचा पट्टा आणि त्या पट्ट्यात एका म्हाताऱ्या बाईचा फक्त कान. रिकाम्या पाटीवर डोकं टेकून झोपलेला भाजीवाला. ओल्या काचेवर उमटलेला एक पंजा आणि त्याच्या आरपार दिसणारी भाताची हिरवळ. तिचा फोन साधा, त्यातला कॅमेरा त्याहून साधा, आणि तरीही त्या चित्रांतून गतीचा असा काही कंप जाणवे की पाहणाऱ्याने नकळत खुर्चीचा हात घट्ट धरावा. तिच्या एकाही फोटोत क्षितिज सरळ नसे. कधी ते डावीकडे कललेलं, कधी उजवीकडे. माझं आणि तिचं भांडण, म्हणजे माझ्या बाजूने असलेलं भांडण, या क्षितिजावरूनच होतं.

आमचा 'कवडसा' हा फोटो काढणाऱ्यांचा फोनवरचा गट. मेन रोडवर उभं आयुष्य स्टुडिओ चालवून निवृत्त झालेल्या अण्णांनी तो सुरू केला, आणि सुरू करतानाच बजावून सांगितलं की एकमेकांना अंगठे दाखवून खूश करायला आपण जमलेलो नाही. दर रविवारी सकाळी ज्याने त्याने आपला एक फोटो ठेवायचा. मंगळवार सकाळपर्यंत बाकीच्यांनी त्यावर मोकळेपणाने बोलायचं, आणि फोटो काढणाऱ्याने तोवर तोंडातून अक्षर काढायचं नाही. फोटो कुठला, त्यात कोण आहे, त्या दिवशी काय घडलं, यातलं काहीही सांगायचं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. "फोटोला स्वतःला बोलता येत नसेल तर तुम्ही त्याची वकिली करू नका," असं अण्णांचं म्हणणं. मंगळवारी सगळ्यांचं ऐकून झालं की फोटोकर्त्याने फक्त "बरं" एवढं म्हणायचं. फोन तुंबू नयेत म्हणून तीन महिन्यांनी गटातलं सगळं आपोआप पुसलं जाई. हे नियम मला फार आवडत, कारण बोलण्याची पाळी बहुतेक वेळा माझीच असे.

मी अंबडच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर आहे. तीस वर्षं मी लोखंडी तुकड्यांतली खोट शोधत आलो. केसभर वाकडं असलेलं मला लांबून दिसतं, आणि दिसलं की राहवत नाही. फोटो पाहतानाही तेच. लोक दोन ओळी लिहून मोकळे होत. मी फोटो उतरवून घेई, त्याच प्रतीवर लाल रंगात बोटाने रेघ ओढून क्षितिज कुठे हवं ते दाखवी, जे नको त्याच्यावर फुली मारी, आणि तो नमुना गटात परत पाठवी. कारखान्यात नापास मालाचा एकेक नमुना फडताळात ठेवायची पद्धत असते. मीही फोनमध्ये 'नापास' नावाचा कप्पा केला होता आणि माझ्या लाल रेघांचे सगळे फोटो त्यात जपून ठेवले होते. लोक मला 'सर' म्हणत. मला ते आवडे, उगाच नाही कशाला म्हणू?

यमुनाची रीत अगदी वेगळी होती. ती दोष सांगत नसे आणि स्तुतीही करत नसे. दोन थांब्यांच्या मधल्या वेळात ती फोटोला एकच प्रश्न विचारी, आणि प्रश्न विचारता विचारता घंटीची दोरी ओढल्याचा आवाज येऊन संदेश तुटे. एकदा मी गोदाघाटावरच्या पायऱ्यांचा फोटो ठेवला होता. धुकं, ओला दगड, पायऱ्यांच्या समांतर रेषा. सरळ म्हणजे इतक्या सरळ की अण्णांनीसुद्धा मान डोलवावी. तिचा संदेश आला, "सर, पायऱ्या लय सरळ हायेत. पन तिथं कुनी उतरतच नाय का?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मंगळवारी मी "बरं" लिहिलं खरं, पण बरं काही वाटत नव्हतं. त्यानंतरचे कितीतरी रविवार मी उजाडताना घाटावर जाऊन बसलो. कुणीतरी उतरेल, पाण्यापाशी थबकेल, पदर सावरेल, आणि माझ्या रेषांमध्ये एक माणूस येईल अशी वाट पाहत राहिलो. माणसं येत होती. पण ती आली की मला त्यांच्या पिशव्या खुपत, त्यांचे प्लास्टिकचे डबे खुपत, आणि त्यांनी एक पाऊल अलीकडे असायला हवं होतं असं वाटे. घरी परतताना माझी चिडचिड होई. कुठल्या कुठे डोंगरातली एक कंडक्टर बाई, तिच्या एका प्रश्नाने आपण का इतके अस्वस्थ व्हावं, हे मला उमगत नव्हतं आणि कबूलही करवत नव्हतं.

पौषातल्या एका रविवारी तिने नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, खळ्याचा फोटो ठेवला. चार बायका काठ्या उगारून कणसं झोडपताहेत, काठ्या हवेत आहेत, सोनेरी धूळ उन्हात तरंगते आहे, आणि मागचा डोंगर घसरून पडेल इतका तिरका. डाव्या कोपऱ्यात, कुडाच्या लाकडी मेढीपाशी, एक म्हातारा अर्धा चौकटीच्या बाहेर निघालेला. एक हात वर उचललेला, मान वळवलेली, जणू कुणीतरी हाक मारली म्हणून तो चालला आहे. फोटो सुंदर होता. आज लिहिताना हे कबूल करतो. त्या दिवशी मी तसा एक शब्द लिहिला नाही. मी लाल रेघ ओढली, आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यावर फुली मारली आणि खाली लिहिलं: "क्षितिज सरळ करा. सगळी हालचाल उजवीकडे असताना हा माणूस विनाकारण नजर ओढून घेतो. कापला तर चित्र वर येईल." आणखी पाचसहा जणांनी माझीच री ओढली. मंगळवारी तिचं "बरं" आलं, त्याबरोबर नेहमीसारखा आवाज नव्हता, नुसती दोन अक्षरं होती.

वैशाखात ती नियम मोडून बोलली. रविवार नव्हता, तिचा फोटोही नव्हता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसलो होतो, आणि गटात तिचा संदेश आला. या वेळी मागे गाडी नव्हती. पहिल्यांदाच तिच्या आवाजाभोवती शांतता होती, आणि त्या शांततेत तो आवाज ओळखू येईना.

"अण्णा, मंडळी, माफी करा. पौषात मी खळ्याचा फोटू टाकला व्हता. त्याच्यात डाव्या अंगाला जो म्हातारा व्हता तो माझा बा. चैतात तो गेला, तापाचं निमित्त झालं. त्याचा दुसरा फोटू आमच्याकडं नाय. कार्डावर हाय तो भ्यायल्यावानी हाय, त्यो त्याच्यासारका दिसतच नाय. फोटू काढाया लागलं का बा बाजूला सरायचा, हात करायचा, नको म्हनायचा. त्या दिवशी सरता सरता घावला व्हता. तुम्ही सांगितलं तसं मी सरळ केला, कापला, आन् मूळच्यावरच ठेवून दिला. माझ्या फोनमधी आता बा नाय. कुनाकडं मूळचा ऱ्हायला आसंल तर बघा."

मी डबा झाकला. एखादा फोटो सरळ करायचा तर तो फिरवावा लागतो, आणि फिरवला की त्याचे कोपरे जातात. हे गटातल्या साठ जणांत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गटात धावपळ उडाली. जो तो आपापला फोन धुंडाळू लागला, पण तीन महिने उलटून गेले होते आणि गटाने आपल्या नियमाप्रमाणे सगळं पुसून टाकलं होतं. माझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही, क्षमस्व ताई, अशा ओळींची रांग लागली. त्या रांगेत मी काही लिहिलं नाही.

कारण माझ्याकडे होता. 'नापास' कप्प्यात, कडेपासून कडेपर्यंत पुरा, एकही कोपरा न गेलेला. त्या फोटोतल्या डोंगरावरून, बायकांच्या उगारलेल्या काठ्यांवरून आणि म्हाताऱ्याच्या छातीवरून माझी लाल रेघ गेली होती, आणि त्याच्या वर उचललेल्या हातावर माझी फुली होती. चेहरा तेवढा मोकळा राहिला होता.

तो तिला त्याच क्षणी पाठवायला हवा होता. मी नऊ दिवस पाठवला नाही. का, ते मला चांगलं ठाऊक होतं: मला लाज वाटत होती. बापाच्या हातावर फुली मारलेला फोटो लेकीला कुठल्या तोंडाने द्यायचा? त्या नऊ दिवसांत मी कामावर असताना उगाच उठून खिडकीपाशी जाई, पुन्हा येऊन बसे, एकच तुकडा तीनतीनदा मोजे. घरी पंख्याखाली बसवेना. सिडकोच्या रस्त्यांवर उन्हातून चकरा मारून येई. रस्त्यात पेठची गाडी दिसली की माझी मान आपोआप दुसरीकडे वळे. शेवटी बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे माणूस कापायला सांगितलंत ते सांगितलंत, वर त्याचा पुरावाही जपून ठेवलात. द्या ना तिला आता, कसली वाट बघताय?" ती नेहमी थट्टेनेच बोलते, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत थट्टा नव्हती.

तरीही मी दिला नाही. मी दुसरी वाट काढली. फोनमध्ये आजकाल चित्रातलं नको ते पुसून टाकण्याची सोय असते. बोट फिरवलं की यंत्र ती जागा आपल्या अंदाजाने भरून काढतं. मी रेघेवरून बोट फिरवलं. डोंगर जुळला. काठ्या जुळल्या. सदऱ्याची घडी, सदऱ्याची गुंडीसुद्धा जुळली. फुलीवरून बोट फिरवलं, आणि तिच्याखालून एक हात वर आला, स्वच्छ, पाच बोटांचा, उन्हात उजळलेला. मी मोठं करून पाहिलं. तीस वर्षं केसभर खोट पकडणाऱ्या माझ्या डोळ्यांना त्यात काही सापडलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी तो तेव्हाच तिला पाठवला आणि लिहिलं, "ताई, माझ्याकडे होता. शोधायला उशीर झाला."

दहा मिनिटांत तिचा संदेश आला. गाडी चालू होती, काच खडखडत होती, आणि ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "सर, तुमचं लय उपकार. बा सापडला! मी उतरल्यावर नीट बघते. आईला दाखवते." मी तो संदेश चारदा ऐकला. आपण एक खोटं वाक्य लिहिलं आहे हे मी तेव्हा विसरून गेलो होतो, किंवा विसरलो असं स्वतःला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. ध्वनिसंदेश नव्हे, फोन. आमचं त्यापूर्वी कधीच असं बोलणं झालं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "हा हात बाचा नाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाची दोन बोटं आखूड व्हती. गवत कापताना इळ्यानं गेली व्हती, मी ल्हान व्हते तवा. आईनं फोटू हातात घेतला आन् पयला हातच बघितला. म्हनली, ह्यो कोनाचा हात जोडला गं? सर, खरं सांगा, काय केलं तुम्ही?"

मग मी सगळं सांगितलं. लाल रेघ, फुली, नऊ दिवस, यंत्र, सगळं. ती ऐकत होती. मागे बसस्थानकावरचा गोंधळ होता, कुणीतरी कळवणच्या गाडीची चौकशी करत होतं. माझं संपल्यावर म्हणाली, "फुलीवाला पाठवा." आणि फोन ठेवला.

मी तो पाठवला. त्यानंतर दोन दिवस तिच्याकडून काहीच आलं नाही. माझ्या फोनच्या प्रत्येक आवाजाला माझा जीव दचकत होता. इतरांचे फोटो तपासून त्यांच्या तोंडावर त्यांचे दोष ठेवणारा मी, त्यांना मंगळवारपर्यंत गप्प बसवणारा मी. गप्प बसून दुसऱ्याच्या निकालाची वाट पाहणं काय असतं ते मला त्या दोन दिवसांत कळलं. तिसऱ्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी पेठ नाक्यावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली. दारात खाकी कपड्यांतली, सडपातळ, उन्हाने रापलेली एक बाई उभी होती, एक पाय पायरीवर, एक आत, आणि नजर एकाच वेळी रस्त्यावर, प्रवाशांवर आणि मागच्या आरशात. मी तिला कधी पाहिलं नव्हतं तरी ओळखलं. अशी उभी राहणारी दुसरी कोण असणार?

"सर का?" तिने विचारलं. "या आत, गाडी थांबायची नाय."

गाडीत जागा नव्हती. मी दांड्याला धरून उभा राहिलो. तिने आधी सगळ्यांची तिकिटं काढली, माझंही काढलं, आणि मग माझ्याजवळ येऊन, वळणावर तोल घेत घेत, बाहेर बघून बोलली.

"मला लय राग आला व्हता तुमचा. फुलीचा नाय. फुली तर तुम्ही समद्यांच्याच फोटूवर मारता. तुम्ही मला खोटा बा दिला, त्याचा. आन् मी त्याला बघून रडले पन."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"अण्णांना फुलीवाला दाखवला. ते म्हनले, मी ब्रशनं रेघ पुसून देतो, हाताचा जुना कारागीर हाये मी. मी म्हनलं, आता कुनीच काय पुसू नका. हाय तसाच मोठा करून द्या." गाडीने वळण घेतलं, ती डोंगराच्या बाजूला झुकली आणि पुन्हा सरळ झाली. "फुलीखाली त्याचाच हात हाय ना सर. दिसत नसंल, पन त्याचाच हाय."

इतकं बोलून ती पुढे गेली आणि दोरी ओढली. करंजाळीला मी उतरलो, परतीच्या गाडीची वाट पाहत एका हॉटेलच्या बाकड्यावर बसलो, आणि समोरचा चहा गार होईपर्यंत माझ्या हातापायांना स्वस्थता नव्हती. मला वाटलं होतं की क्षमा मागितली की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. तिने मला क्षमा केली की नाही हेही तिने सांगितलं नव्हतं, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

अण्णांनी फोटो मोठा केला, चौकटीत बसवला. 'नापास' नावाचा कप्पा मी पुसून टाकायला निघालो होतो, पण पुसला नाही. त्याचं नाव तेवढं काढून टाकलं. गटावर मी अजूनही बोलतो. खोट दिसली की अजूनही राहवत नाही, स्वभाव असा काही महिन्यांत जात नाही. पण बोलण्याआधी आता मी कडा पाहतो. कोण आत येतं आहे, कोण बाहेर निघालं आहे, कुणाचं नुसतं कोपर दिसतं आहे, ते पाहतो. आणि कितीतरी वेळा लिहिलेलं पुसून नुसता विचारतो, हे कोण? अण्णांनी सांगायचं नाही हा नियम सैल केला आहे. त्यामुळे गटात गप्पा फार वाढल्या आहेत अशी काही जणांची तक्रार असते.

मार्गशीर्षात तिने बोलावलं. "नागली झोडायला घेतलीय. एकदा येऊन जागा बघून जा सर. रेघ मारायच्या आधी बघायची ऱ्हायली व्हती." तिची त्या दिवशी सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी प्रवासी म्हणून गाडीत बसलेली यमुना पाहण्यासारखी होती. तिला बसणं जमतच नव्हतं. घाट लागला तशी ती उठली, दांडा धरून उभी राहिली, आणि कुणी चढलं की तिचा हात नसलेल्या यंत्राकडे जाई. माझ्या शेजारची जागा पेठपर्यंत रिकामीच राहिली.

पेठहून पुढे तिच्या पाड्याकडे आम्ही चालत गेलो. खळं सारवून सपाट केलेलं होतं, तेवढाच काय तो सपाट तुकडा. बाकी सगळं उतारावर. घरं उतारावर, झाडं उतारावर, कुडाच्या मेढी उतारावर, आणि मागचा डोंगर खरोखरच तिच्या फोटोत होता तितकाच तिरका. मी फोन काढून क्षितिज शोधायला लागलो आणि मला ते कुठेच सापडलं नाही. तिथे क्षितिज नव्हतंच. दोन वर्षं मी जे सरळ करायला सांगत होतो ते या लोकांच्या पायाखाली कधी सरळ नव्हतं, आणि त्यावर ही माणसं व्यवस्थित उभी होती. बायका काठ्या उगारत होत्या, धूळ उडत होती, तिच्या आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा झोडपायला लागली. मी कोण ते तिला ठाऊक असावं.

यमुना मला डाव्या अंगाला घेऊन गेली. कुडाची ती मेढ होती. तिने मला खांद्याला न धरता, नुसत्या हाताने जागा दाखवली.

"इथं उभे ऱ्हा सर. बा इथं व्हता."

मी उभा राहिलो. ती चार पावलं मागे गेली, जिथून तिने तो फोटो काढला असेल तिथे. मला वाटलं, आता ती फोन काढील, आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायची मला सवय नसल्यामुळे मी नकळत बाजूला सरकू लागलो. तिने फोन काढला नाही. ती नुसती बघत होती, पण माझ्या तोंडाकडे नव्हे, थोडं खाली, माझ्या छातीच्या जरा वर.

"बा तुमच्याहून बुटका व्हता," ती म्हणाली.

मी गुडघे वाकवले. हळूहळू, तिची नजर वर उचलली न जाता माझ्या नजरेला येऊन मिळेपर्यंत वाकवले. बावन्न वर्षांचा माणूस भर दुपारी खळ्यावर असा अर्धा बसलेला, मांड्या थरथरताहेत, आणि बायकांच्या काठ्या एकेक करून थांबल्या. कुणी हसलं नाही. यमुना किती वेळ बघत होती ते मला सांगता येणार नाही. माणूस गेला की त्याची उभं राहायची जागा काळ गवताने आणि धुळीने बुजवत नेतो. पण ज्याने त्याला तिथे पाहिलेलं असतं त्याच्या नजरेत ती जागा रिकामी राहते, बरोबर त्याच्याच उंचीची.